रिळातलं तूप

तळ्यावर मला पाठीमागे ‘चक्कीवाली बाजी’ म्हणतात, हे कळलं तेव्हा मी चांगलीच तणतणले. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी. मुलांनी मला काय काय नावं ठेवली असतील ती असोत, पण चक्कीवाली कुणी म्हटलं नव्हतं. आणि तळ्यावर येतो आम्ही दोघंच, मी आणि जुन्या भोपाळातले एक निवृत्त पोस्टमास्तर, तेव्हा म्हणणारे कोण हे उघडच होतं. मी त्यांना भाईजान म्हणते, ते मला बाजी, म्हणजे मोठी बहीण. कोलार रोडची नवी वस्ती संपते तिथून पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याचं तळं आहे. त्याच्या परवानगीने आम्ही आठवड्यातून दोन सकाळी तिथे गळ टाकून बसतो. मध्ये पंधरा हातांचं अंतर असतं आणि तासन् तास बोलणं नसतं.

त्या शांततेत माझं रीळ वाजायचं. दांडा फिरवून तंगूस गुंडाळायला लागले की टकटकटकटक सुरू, आणि ते पार पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जायचं. भाईजान मान न वळवता म्हणायचे, “लीजिए, बाजी की चक्की चालू हो गई. आज मछली को आटा मिलेगा.”

“आवाजाने मासे पळत नाहीत,” मी म्हणायचे.

“मछली नहीं भागती बाजी, हम भागते हैं.”

रीळ माझ्या वडिलांचं. नागपूरहून सरकारी कचेऱ्या भोपाळला आल्या तेव्हा त्यांच्या फायलींबरोबर वडीलही आले आणि शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. दर रविवारी ते गळ घेऊन निघायचे. भावाला पाच मिनिटांत कंटाळा यायचा, म्हणून मला न्यायचे. साधी बांबूची काठी होती तेव्हा. हे फिरकीचं रीळ त्यांनी निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलं आणि त्यांच्या हातात ते कधीही वाजलं नाही. ते गेल्यावर माझ्याकडे आलं, तेव्हाही मुकाट होतं. वर्षभरापूर्वी स्कूटीवरून जाताना पिशवीचा बंद तुटला, रीळ रस्त्यावर आपटलं, आणि तेव्हापासून त्याला वाचा फुटली.

बिघाड काय आहे हे माझ्या नवऱ्याने टीव्हीसमोरच्या खुर्चीतून न उठता सांगितलं होतं. ते इंद्रपुरीजवळच्या मोठ्या कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते. यंत्राचा आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगायचं, हे त्यांचं अंगवळणी पडलेलं. “आत एक दातेरी चाक आहे,” ते म्हणाले, “आणि त्यावर नखाएवढी खिटी. मासा ओढायला लागला की दांडा उलटा फिरू नये म्हणून ती खिटी दातात अडकते. सुलटं फिरवताना एका बारीक तारेने तिला वर उचलून धरायचं असतं. तुझी ती तार ढिली झालीय. मग खिटी दातांवरून घसटत जाते, आणि टकटक.”

“मग करा ना नीट.”

“मी नाही करत आता काही.”

एवढं बोलून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. इथेच माझं खरं दुखणं होतं. रिळाचं काय, वाजलं तर वाजलं.

निवृत्तीनंतर आमच्या इंद्रपुरीच्या घराची मागची पडवी म्हणजे गल्लीचा दवाखाना होता. कुणाचा मिक्सर, कुणाचा पंखा, कुणाचं शिलाई मशीन. सकाळी आठला चहा पिऊन हे पडवीत जाऊन बसायचे आणि जेवायला मला तीन हाका माराव्या लागायच्या. मी चिडायचे, ग्रीसचे हात टॉवेलला पुसले म्हणून भांडायचे, आणि मनातून खूश असायचे. मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, घाबरण्यासारखं नाही, फक्त बारीक कामाला त्रास होईल. आता त्या डॉक्टरांना कोण सांगणार, बारीक कामाशिवाय दुसरं काम येत होतं का या माणसाला!

एकदा शेजारच्या वहिनी समोर उभ्या असताना त्यांच्या मिक्सरचा एक स्क्रू यांच्या बोटांतून निसटला. उचलायला गेले, परत निसटला. तीनदा. वहिनी बिचाऱ्या चांगल्या मनाने म्हणाल्या, “रहने दीजिए भाईसाहब, मैं बाहर दिखा लूँगी.” त्यांनी मिक्सर उचलून नेला. यांनी त्याच दुपारी एकेक हत्यार पुसलं, तेल लावलं, हिरव्या पत्र्याच्या पेटीत जागच्या जागी ठेवलं, कुलूप लावलं आणि पेटी दिवाणाखाली सरकवली. त्याला दीड वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून सकाळी आठला चहा पिऊन ते टीव्हीसमोर बसायचे. बातम्या बघायचे, त्याच बातम्या परत बघायचे. जेवायला एका हाकेत यायचे, आणि त्या एका हाकेचा मला इतका राग यायचा की भाकरी करपायची.

गेल्या दसऱ्याला त्यांनी कळस केला. यांचा पुतण्या त्याच कारखान्यात आहे. फोनवर त्याला म्हणाले, “संक्रांतीला तिळगूळ घ्यायला येशील तेव्हा माझी पेटी घेऊन जा. इथे पडून काय उपयोग?” मी स्वयंपाकघरात ऐकत होते. पेटी घरात होती तोवर मला वाटायचं, आज ना उद्या उघडतील. ती गेली की संपलं. त्या पुतण्याचा यात काडीचाही दोष नव्हता, तरी पुढे महिनाभर मी त्याच्याशी फोनवर तुटकच बोलले.

तर रीळ दुरुस्त करून मागणं हा माझा डाव होता. बायकोच्या वडिलांची वस्तू आहे, निदान तेवढ्यासाठी तरी पेटी उघडतील. मी गोड बोलून पाहिलं, रुसून पाहिलं, ते टेबलावर त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवून पाहिलं. त्यांनी चष्मा उचलला आणि रीळ तिथेच राहू दिलं.

मग मला आला राग. म्हटलं, गेलात उडत, माझं मी करते. बाजूच्या पत्र्याचे तीन स्क्रू भाजी कापायच्या सुरीच्या टोकाने काढले. आत दातेरी चाक दिसलं, खिटी दिसली. ग्रीस पेटीत कुलूपबंद. मग काय घालायचं? आमच्या घरात दाराची कडी कुरकुरली तर आई तुपाचं बोट लावायची. ओठ फुटले तर तूप, खोकला झाला तर तूप, बोटातली अंगठी निघेना तर तूप. मी बरणीतलं साजूक, रवाळ, घरी कढवलेलं तूप चांगलं दोन बोटं भरून त्या खिटीवर थापलं, पत्रा बसवला आणि दांडा फिरवला.

टकटक बंद! म्हणजे अगदी बंद नाही, आतून बारीक लपलप ऐकू यायची, पण चक्की थांबली. दुसऱ्या दिवशी तळ्यावर मी मुद्दाम दहा वेळा गळ टाकला आणि दहा वेळा गुंडाळला. भाईजाननी शेवटी मान वळवली.

“क्या डाला?”

“देसी घी.”

“माशाल्लाह,” ते म्हणाले. “हमारे नसीब में तो रोटी पर भी नहीं.” त्यांना डॉक्टरांनी तूप बंद केलं होतं.

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. मी घरात मान ताठ करून वावरत होते. यांनी एकदा विचारलं, “वाजत नाही आता?” मी म्हटलं, “तुमच्यावाचून काही अडत नाही.” बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. नेमकं तेच त्यांना दीड वर्ष वाटत होतं, आणि मी ते तोंडावर बोलून दाखवलं. ते रिमोट शोधायला लागले. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी संतापले की सगळी कपाटं आवरून काढली.

जानेवारीत भोपाळला थंडी पडते ती पडतेच. संक्रांतीच्या पाच दिवस आधीची सकाळ. स्वेटर, त्यावर शाल, कानाला मफलर अशी मी तळ्यावर पोचले. पाण्यावर धुकं होतं. कणकेचा गोळा लावून गळ टाकला आणि हात काखेत घालून बसले. अर्ध्या तासाने काठी अशी वाकली की मी उभीच राहिले. मोठा होता, कतलाच असणार, बुडी मारून सरळ खोल पाण्यात निघाला. मी दांडा पकडून ताणलं. दांडा अडायला हवा होता, तो अडला नाही. माझ्या हातातून सुटला आणि गरगर उलटा फिरायला लागला. थांबवायला हात घातला तर त्या दांड्याने माझ्या बोटांच्या पेरांवर अशा काही फटाफट छड्या मारल्या की आई गं! इतक्या वर्षांत मी मुलांना मारल्या नसतील. तंगूस सैल पडून सगळा गुंता झाला, आणि मासा गळ झटकून गेला.

भाईजान उठून आले, त्यांनी माझा हात पाहिला, रीळ पाहिलं. पत्र्याच्या फटीतून पांढरं काहीतरी दिसत होतं. त्यांनी नखाने खरवडून वास घेतला.

“बाजी,” ते फार गंभीरपणे म्हणाले, “घी जम गया.”

घरी आले तर चार पेरं सुजून लाल. लपवायचा प्रयत्न केला, पण चहाचा कप डाव्या हाताने दिला तेव्हा यांच्या लक्षात आलं. सांगावं लागलं सगळं. सुरी, तूप, थंडी, कतला. मी सांगत होते आणि त्यांचा चेहरा बदलत होता. “तूप?” ते म्हणाले. “खिटीवर? साजूक?” आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, खोकला लागेस्तोवर हसले. दीड वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. पेरं ठणकत होती, तरी म्हटलं, हसा बाबा, अजून हसा.

हसू ओसरल्यावर परत टीव्हीकडे वळणार, हे मला दिसलं. मी लगेच जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, रीळ ठेवलं आणि तीच सुरी घेऊन पहिल्या स्क्रूत घातली. सुरी घसरली. परत घातली, परत कर्र करून घसरली.

“अगं, मुंडी खातेयस त्याची!”

“खाईन. माझ्या वडिलांचं आहे.”

“एकदा खाच गेली की तो स्क्रू जन्मात निघणार नाही.”

“न निघेना.” मी तिसऱ्यांदा सुरी घातली.

ते उठले. वाकून दिवाणाखालची पेटी ओढली, तेव्हा फरशीवर जो आवाज झाला तो ऐकून मला रडू येईल असं वाटलं, पण मी सुरीकडे बघत बसले. कुलूप उघडायला त्यांना तीन वेळा किल्ली लावावी लागली. मी मदतीला गेले नाही. त्यांनी एक छोटा पेचकस काढून माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

“तुम्ही करा ना,” मी म्हटलं.

“कारखान्यात शिकाऊ आला की उस्ताद असाच उभा राहतो. हात मागे. उस्तादाने हात लावला तर शिकाऊ शिकत नाही. चल, दाबून धर. सरळ. सरळ म्हणजे सरळ, गणिताची ना तू? काटकोन ठाऊक आहे की नाही?”

पुढचा दीड तास मी आयुष्यात कुणाची ऐकली नसतील एवढी बोलणी खाल्ली. स्क्रू काढले त्याच क्रमाने वाटीत ठेव. वाटी टेबलाच्या कडेला नको. जोर लावू नकोस, जोर लावायचा असता तर हत्ती ठेवला असता कारखान्यात. मीही काही गप्प बसणारी नाही. दोनदा पेचकस आपटला, एकदा “तुमच्या हाताखालचे लोक पळून कसे नाही गेले” असं विचारलं. “दोन गेले,” ते म्हणाले.

गोठून खिटीला वरच चिकटवून बसलेलं तूप रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढलं. खाली ती तार दिसली, केसांच्या आकड्याएवढी. मधल्या दांडीला तिने हलकेच कवटाळलेलं असायला हवं होतं, म्हणजे दांडी सुलटी फिरली की तिच्याबरोबर तार सरकते आणि खिटीला उचलते. ती उघडून बसली होती. “जराशी आवळ,” ते म्हणाले. “जराशी म्हणजे नखावरच्या मेंदीएवढी.” मी पक्कड घेतली आणि दाबली. जास्त दाबली गेली, दांडा जाम. परत उघडली, परत सैल. चार वेळा केलं. सुजलेल्या बोटांना अंदाज येईना. “आता तुटेल ती,” मी म्हटलं, आणि या वेळी मी नाटक करत नव्हते. “मला नाही जमत हो.”

मग त्यांचे पाठीमागचे हात पुढे आले. उजवा थरथरत होता. त्यांनी तो तारेजवळ नेला, मागे घेतला. मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण मी बघितलेलं त्यांना आवडलं नसतं. परत पाहिलं तेव्हा ते पेटीतला, वस्तू घट्ट धरून ठेवणारा छोटा शिकंजा टेबलाच्या कडेला आवळत होते. त्या शिकंज्यात त्यांनी पक्कडच घट्ट धरवली, तोंड वर करून. आता पक्कड हलणं शक्य नव्हतं. मग दोन्ही कोपर टेबलावर रोवले, दोन्ही हातांनी मिळून तार पकडीच्या तोंडाशी नेली आणि हाताची एक थरथर ओसरून दुसरी येण्याच्या मधल्या क्षणी टेकवून किंचित दाबली. परत थांबले. परत दाबली.

“हात हलतो तर हलू दे,” ते स्वतःशीच म्हणाले. “हत्यार हलायला नको.”

जोडणी मी केली, त्यांचे हात परत मागे. शेवटचा स्क्रू आवळून मी दांडा सुलटा फिरवला. काहीही ऐकू आलं नाही. उलटा फिरवला, जागच्या जागी अडला. वडिलांच्या हातात फिरायचं तसं फिरत होतं. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाठीवर थाप मारली, आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी असं मी पूर्वी कधी केलं नव्हतं.

त्यांनी हत्यारं पुसली, तेल लावलं, जागच्या जागी ठेवली. मग पेटीला कुलूप लावून ती दिवाणाखाली सरकवली, आणि टीव्ही लावला.

“झालं?” मी म्हटलं.

“झालं की. वाजत नाही ना आता?”

“आणि पेटी?”

“पेटी संक्रांतीला जाणार. शब्द दिलाय.”

तीन दिवस मी तीळ भाजत होते, गूळपोळीचं सारण करत होते आणि धुसफुसत होते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी हे झोपले असताना किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशातून काढली. पेटीतून पेचकस आणि पक्कड घेतली, तीन स्क्रू क्रमाने वाटीत काढले, वाटी टेबलाच्या मधोमध. त्यांनी नखावरच्या मेंदीएवढी आवळलेली तार मी पकडीत धरली आणि उघडली. परत सगळं जोडलं, पेटी जागेवर, किल्ली खिशात. चार वाजता चहा ठेवला आणि त्यांच्या कानाशी रीळ नेऊन फिरवलं. टकटकटकटक.

“अहो, परत वाजतंय बघा.”

त्यांनी चहाचा घोट घेतला. पेटी ओढली, भिंग काढलं, मला पत्रा उघडायला लावला. मी उघडला. भिंगातून बराच वेळ आत बघत होते.

“तार आपोआप उघडत नसते,” ते म्हणाले. “पकडीच्या दातांची खूण आहे हिच्यावर. ताजी.”

माझी कानशिलं तापली. वर्गात चोरी पकडायचं काम माझं होतं, पकडलं जायची सवय नव्हती मला.

भिंग ठेवून त्यांनी वाटीतले स्क्रू एकेक करून उजेडात धरले. हात थरथरत होता, पण स्क्रू पडला नाही. मग फोन घेतला आणि पुतण्याला लावला.

“उद्या ये जेवायला, काकूने गूळपोळ्या केल्यात. पण पेटी आत्ता नाही देता येणार रे,” ते म्हणाले. “घरात एक शिकाऊ लागलीय. खोटं बोलते, उलट उत्तरं देते. पण या वेळी एकाही स्क्रूची मुंडी खाल्ली नाही तिने.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तयार व्हायला पाच-सहा वर्षं तरी लागतील.”

फोन ठेवून त्यांनी शिकंजा काढला. “शेजारच्या वहिनींना विचार,” ते म्हणाले, “मिक्सर कसा चाललाय.”